औंदा तरी येतोय का पोरगा?

७ जानेवारी २०२५, मंगळवार

सकाळी दारात तीन गाड्या! मला वाटलं, ऊसतोडीची टोळी आली. निघाले सिनेमावाले.

खाजानं पाठवले. खाजाचं भिगवणला हायवेवर मासळीचं हॉटेल आहे. माझा चाळीस वर्षांपासूनचा दोस्त. त्याच्याकडं चिलापी खायला बसलेल्यांनी विचारलं, जुन्या वळणाचं, पडवीचं घर इकडं कुठं मिळेल? ह्यानं हात न धुता माझा पत्ता दिला.

दिग्दर्शक म्हणजे एक पोरगी. प्रगती नाव, बारामतीची, तिशीतली, केस माझ्यापेक्षा बारीक. पडवीसमोर उभी राहून बोटांची चौकट केली आणि त्यातून आमचं घर बघितलं. म्हणाली, "काका, घर एकदम बरोबर आहे. फक्त वॉशिंग मशीन आत घ्यायचं, सोलर झाकायचा आणि तो कडब्यावरचा फ्लेक्स काढायचा."

फ्लेक्स. गंजीत पाणी जाऊ नये म्हणून टाकलाय. उन्हानं विटलाय, पण वाचता येतो. 'आमचे मार्गदर्शक मा. जोतीराम आप्पा यांना आयर्लंड दौऱ्यानिमित्त हार्दिक शुभेच्छा – समस्त मित्रपरिवार.' गॉगल लावलेला माझा फोटो. मागं विमान – माझ्या टोपीतून बाहेर पडल्यासारखं.

"जाऊन आलात आयर्लंडला?"

"न्हाय. मीच रद्द केलं. म्हैस व्यायला झालती."

हे वाक्य इतक्या वेळा बोललोय की आता म्हशीलाही खरं वाटत असेल.

९ जानेवारी, गुरुवार

प्रगतीनं पडवीत बसून सिनेमाची गोष्ट सांगितली. एका म्हाताऱ्याचा पोरगा परदेशात. म्हातारा वाट बघतो. पोरगा येत नाही, फोन करत नाही. म्हातारा रोज भिगवण स्टेशनवर जाऊन बसतो. मी विचारलं, परदेशातून माणूस रेल्वेनं कसा येईल? ती म्हणाली, काका, ते प्रतीकात्मक आहे. बरं.

माझी थोरली बहीण शकुबाई – आमची आक्का – दाराआडून ऐकत होती. डोळ्याला पदर लावला आणि म्हणाली, "असल्या पोराला पायताणानं हाणावं." प्रगतीनं तिला तिथल्या तिथं शेजारणीचं काम दिलं!

मी उठून गोठ्यात गेलो.

ह्या वहीत खरं लिहायला हरकत नाही. चौतीस वर्षं कालवा निरीक्षक होतो, रोज संध्याकाळी पाण्याची पातळी लिहायचो. निवृत्त झाल्यावर पातळी सुटली, लिहायची सवय राहिली. पण ही एक गोष्ट मी इथंही लिहिली नव्हती.

स्वराली माझी एकुलती एक पोरगी. दुधाचं शिकली, आता आयर्लंडात चीजच्या कारखान्यात आहे. गावाचं नाव कॉर्क, म्हणजे बूच. तिची आई जाऊन चार वर्षं झाली. २०२३ च्या दिवाळीत स्वरालीचे दिवस भरत आले होते. म्हणाली, आई नाही, आप्पा, तुम्ही तरी या. सगळं तिनंच तिकडून केलं, मी फक्त कागद आणि पासपोर्ट जमा करून आलो. व्हिसा यायच्या आधीच गावानं फ्लेक्स लावला. चौकात नारळ फुटला, शाल मिळाली. मी भाषण केलं – वीस मिनिटं, आयर्लंडच्या सिंचनावर. तिथं बारा महिने पाऊस असतो आणि कालवा कुणाला लागत नाही, हे मला नंतर कळलं.

सत्काराच्या नवव्या दिवशी पासपोर्ट परत आला. सोबत पत्र. इंग्रजीत, पण समजायला अवघड नव्हतं. व्हिसा नाही. भेट संपल्यावर अर्जदार मायदेशी परत जाईल याची खात्री वाटत नाही.

मी! पुण्यात मुक्काम करावा लागला तर पहाटेच्या पहिल्या एसटीनं घरी येणारा माणूस!

चौकात माझा गॉगल लावलेला फोटो आणि हातात हे पत्र. कसं सांगायचं? सगळ्यांना सांगितलं, मीच रद्द केलं. गावाला एकदा हे सांगितल्यावर स्वरालीला दुसरं काय सांगणार? म्हणालो, व्हिसा मिळालाय, पण म्हैस व्यायला झालीय, मला जमायचं नाही. ती मग म्हणाली, "बरं, आप्पा."

त्याला चौदा महिने झाले. सणाला मेसेज येतो. दर रविवारी आत्याशी बोलते. माझ्याशी नाही. नात रेवा तेरा महिन्यांची झाली. तिला मी बघतो ती आक्काच्या फोनवर, आक्काच्या खांद्यावरून. आक्काचा अंगठा पडद्यावर असतो, त्यामुळं निम्मीच.

१२ जानेवारी, रविवार

शूटिंग सुरू. म्हाताऱ्याचं काम करणारे देवस्थळी सर पुण्याचे. सत्तरीचे, सभ्य. धुरळ्यानं आल्यापासून शिंकतायत. त्यांना धार काढायची आहे. म्हशीनं त्यांच्याकडं एकदा बघितलं आणि मान फिरवली. मग शेपूट मारली, सरांची मिशी निघून शेणात पडली.

मिशी चिकटवलेली होती, हे म्हशीला पहिल्यांदा कळलं.

दुपारी आक्काचा फोन वाजला. स्वराली. मी लगेच झारी घेतली आणि खिडकीखालच्या तुळशीला पाणी घालायला लागलो. अर्धा तास. आतून ऐकू येत होतं – रेवा धरून उभी राहते, रेवाला दात आलेत. "आप्पा काय करतायत?" "तुळस बुडवतोय," आक्का म्हणाली.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. स्वरालीचा मेसेज : तिळगूळ घ्या, गोड बोला. मी अंगठा पाठवला. तिकडूनही अंगठा आला.

१५ जानेवारी, बुधवार

इंदापूरहून येणारा नट आला नाही, पोट बिघडलं. खाजाकडं जेवला नव्हता, हे खाजानं मला तीनदा फोन करून सांगितलं. शेजाऱ्याचं काम माझ्याकडं आलं. सायकल हातात धरून यायचं, पडवीत बसलेल्या म्हाताऱ्याला विचारायचं, "काय आण्णा, औंदा तरी येतोय का पोरगा?" तो म्हणणार, "येईल की. कामं असतात त्याला." मी मान हलवून जायचं.

एवढंच. एक वाक्य.

आक्का म्हणाली, "जमंल तुला. सगळं गाव तुलाच इचारतंय की."

हे मात्र खरं. खाजा तर दर भेटीत विचारतो, औंदा तरी येतेय का स्वराली. मी म्हणतो, येईल की. कामं असतात तिला. प्रगतीला हे वाक्य कुणी सांगितलं असेल?

१६ जानेवारी, गुरुवार

फजिती.

पहिल्यांदा सायकलची चेन पडली. दुसऱ्यांदा "येतीय का पोरगी" म्हणालो. प्रगती म्हणाली, काका, पोरगा. तिसऱ्यांदा परत पोरगी. चौथ्यांदा पोरगा बरोबर आला, पण आण्णाच्या ऐवजी आप्पा म्हणालो. म्हणजे माझं मलाच विचारलं. पाचव्यांदा सरांना शिंक. सहाव्यांदा आक्का मध्ये आली आणि म्हणाली, "आरं, नीट इचार की."

असं अकरा वेळा. लोक पाणी आणून द्यायला लागले. एकानं माझ्या मानेला पंखा लावला. इतकी सेवा मला निवृत्तीच्या दिवशीसुद्धा मिळाली नव्हती.

बाराव्यांदा सगळं बरोबर म्हणालो. सर मोठा अभिनेता माणूस. डोळे स्टेशनाच्या दिशेला लावले, ओठ जरा हलवले आणि म्हणाले, "येईल की. कामं असतात त्याला." बघणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी. आक्का मागून पुटपुटली, "मुडदा बशिवला त्या पोराचा."

मी मान हलवून जायचं होतं. पण तोंडातून निघालं, "त्याला शिव्या कशाला? त्याचं काय चुकलं? तुमीच कायतरी खोटं सांगितलं आसंल त्याला."

सर गोंधळले, पण कसलेला माणूस, म्हाताऱ्यातून बाहेर आले नाहीत. हळूच म्हणाले, "काय खोटं सांगितलं मी?"

"ते तुमास्नी ठावं," म्हणालो आणि सायकल घेऊन निघालो. थांबलो ते थेट कालव्याच्या पुलावर. सायकल सिनेमाची आहे, हे तिथं लक्षात आलं.

१७ जानेवारी, शुक्रवार

सकाळी देवस्थळी सर गोठ्यात आले. मिशी नव्हती. म्हणाले, "जोतीरामराव, मला धार काढायला शिकवा." मी शिकवलं. अंगठा आत घ्यायचा, ओढायचं नाही, दाबायचं. म्हशीनं आज ऐकून घेतलं. बादलीत पहिली धार वाजली तेव्हा सर इतके खूश झाले की मला बरं वाटलं.

मग बादलीकडं बघतच त्यांनी विचारलं, "काल ते कुणाला बोललात?"

मी सगळं सांगितलं. व्हिसा, पत्र, फ्लेक्स, म्हैस. कसं काय सांगितलं कुणास ठाऊक. बिनमिशीच्या माणसाला सांगणं सोपं जातं बहुतेक.

ते हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत. म्हणाले, "माझी मुलगी कोथरूडला राहते."

"आणि तुमी?"

"मी पण कोथरूडलाच. बोलणं सुटून तीन वर्षं झाली. भाजीच्या दुकानात दिसते कधी कधी. तुमच्याकडं निदान व्हिसाचं कारण तरी आहे."

बादली भरली होती, ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.

जाताना म्हणाले, "तुमच्या मुलीला काय वाटत असेल? बापाला व्हिसा मिळाला, तरी तो आला नाही. म्हशीसाठी आला नाही."

हे मी चौदा महिन्यांत एकदाही अशा बाजूनं बघितलं नव्हतं. मला वाटायचं, मी माझी लाज झाकली. पण ती झाकायला पांघरूण तिचं ओढलं. तिच्या बाळंतपणात बाप म्हशीपाशी थांबला, एवढंच तिच्याकडं राहिलं.

दिवसभर जेवण गेलं नाही. आक्काला वाटलं, सिनेमातून काढून टाकलं म्हणून.

१९ जानेवारी, रविवार

आज जे झालं ते नीट लिहितो.

ठरवलं, स्वरालीला खरं सांगायचं. फोन करायचं धाडस नव्हतं. मेसेज लिहायला घेतला तर चष्मा, बोटं, काही जुळेना. मग आवाज पाठवायचं ठरवलं. गोठ्यामागं उभा राहिलो आणि बोललो :

"स्वराली, आप्पा बोलतोय. तुला सांगितलं ते खोटं होतं. व्हिसा मिळाला नव्हता. मला नको म्हणाले ते. लाज वाटली म्हणून म्हशीचं नाव घेतलं. म्हैस त्याच्या आधीच महिनाभर व्यायली होती. तुला एकटीला सोडायचं माझ्या मनात नव्हतं, पोरी. मी चार शर्ट शिवून घेतले होते. रेवासाठी दुपटं घेतलं होतं. ते अजून पिशवीत आहे."

सोडून दिला मेसेज. छातीवरचं ओझं उतरलं. डोळे पुसले, चष्मा लावला आणि बघितलं.

'पाटबंधारे सेवानिवृत्त मित्रमंडळ.' सदस्य १४३.

पहिल्यांदा एक गुलाबाचं फूल आलं. पाठवणाऱ्यानं न ऐकताच टाकलेलं, तो सगळ्यांनाच टाकतो. मग दोन मिनिटं काही नाही. आयुष्यातली सर्वात लांब दोन मिनिटं. कालवा फुटला होता तेव्हासुद्धा इतकी लांब नव्हती.

मग इंदापूरच्या जुन्या शाखा अभियंत्यांचा मेसेज : 'जोतीराम, मला ऑस्ट्रेलियानं नको म्हणलं होतं. मी घरी गुडघ्याचं कारण सांगितलं.'

मग दुसऱ्याचा : 'अमेरिका. दोन वेळा.'

मग बावड्याच्या पाटकऱ्याचा : 'कॅनडा. मी घरच्या मंडळींनाही सांगितलेलं नाही. कृपया माझा हा मेसेज कोणीतरी काढून टाकावा.' मेसेज काढायचा कसा, हे १४३ जणांत एकालाही माहीत नव्हतं.

तासाभरात सात जण निघाले. एकानं तर खोटा ताप सांगितला होता. आम्ही जन्मभर एका पाण्यावर कामं केली, एकमेकांच्या पोरींची लग्नं लावली, आणि हे एकमेकांना ठाऊक नव्हतं.

चार वाजेपर्यंत गावात सगळीकडं. साडेचारला खाजा मोटारसायकलवर. उतरला, शूटिंगसाठी काढून गोठ्यात टाकलेला फ्लेक्स खसकन ओढला आणि घडी घालायला लागला.

"जोत्या, फ्लेक्सचा फोटू म्या निवडला व्हता. मला तरी सांगायचं व्हतंस."

"काय सांगू? तू नारळ फोडला व्हतास."

"नारळाचं काय, खोबरं खाल्लं आपुन." मग माझ्याशेजारी बसला. म्हणाला, "चिलापी आणलीय. आक्काला तळाय सांग."

मी आक्काकडं बघितलं. ती दारात कमरेवर हात ठेवून उभी होती. मी म्हणालो, आक्का, तुला पण फसवलं.

"मला कुठं फशिवलंस? म्हैस महिनाभर आदी व्यायलीती. धार कोण काढत व्हतं रोज? मीच की."

"मग बोलली न्हाईस ती?"

"मला वाटलं, इमानाला भ्यालास. म्हटलं, भावाची लाज कशाला काढा."

२० जानेवारी, सोमवार

प्रगतीनं परत बोलावलं. शेजाऱ्याचं वाक्य एका झटक्यात म्हणालो, मान हलवली, गेलो. टाळ्या!

नंतर ती जवळ आली. गावात ऐकलं म्हणाली. विचारलं, "काका, माझा म्हातारा नुसती वाट बघतो, ते मला पहिल्यापासून खोटं वाटत होतं. त्यानंच मुलाला काहीतरी खोटं सांगितलंय, असं करू का? तुम्ही नको म्हणालात तर नाही करणार."

मी म्हणालो, कर. फक्त म्हैस बदल. लोक वळखतील.

"गाय चालेल?"

"चालंल."

दुपारी आक्काला शेजारी बसवलं, चष्मा दोनदा पुसला, नाव तीनदा वाचलं – स्वराली – आणि तोच आवाज तिला पाठवला. तिनं ऐकल्याची निळी खूण पाच मिनिटांत आली.

उत्तर नाही.

२१ जानेवारी, मंगळवार

उत्तर नाही. आक्का म्हणते, तिकडं सकाळ असंल. सकाळ किती वेळ असते तिकडं?

२२ जानेवारी, बुधवार

शूटिंग संपलं. देवस्थळी सर सगळ्यांच्या आधी निघाले. म्हशीच्या पाठीवर हात फिरवला, माझा हात धरला, म्हणाले, वाटेत भाजी घ्यायचीय. पुण्यापर्यंत ताजी राहणार नाही, इथूनच घ्या म्हणालो. म्हणाले, नाही, कोथरूडमधूनच घ्यायचीय.

मला उशिरा समजलं.

उत्तर नाही.

२४ जानेवारी, शुक्रवार

वॉशिंग मशीन बाहेर आलं. सोलर उघडा झाला. आक्का दिवसभर शेजारणीसारखी चालतेय.

चूक माझी आहे. तिनं उत्तर दिलंच पाहिजे असं नाही. हे मी दिवसातून चार वेळा म्हणतो आणि पाच वेळा फोन बघतो.

२५ जानेवारी, शनिवार

दुपारी तीन वाजून दहा मिनिटं. स्वरालीचा मेसेज. जसाच्या तसा उतरून घेतो :

'आप्पा, पाच दिवस काय लिहावं ते सुचत नव्हतं. फॉर्म मी भरला होता, त्यात ईमेल माझाच दिला होता. ते पत्र तुमच्या आधी दोन दिवस मला आलं होतं. तुम्ही फोनवर म्हशीचं सांगत होतात तेव्हा ते माझ्यासमोर उघडं होतं. मला राग व्हिसाचा नव्हता. वाटलं, उद्या सांगतील. मग वाटलं, बारशाला सांगतील. आत्याला बोलले नाही, तुम्हाला कमीपणा वाटेल म्हणून. तुम्ही मला सांगाल, म्हणून मी थांबले होते.'

फोन वाजतोय. तीच आहे. व्हिडिओ. अंगात नुसतं बनियन आहे.

असू दे.